बादली रिकामी का?

मंगळवार, ६ तारीख

अण्णा,

तुमचा परवाना आज दुपारी साडेतीनला मोकळा झाला. परिवहन कार्यालयातल्या चार नंबरच्या खिडकीवरच्या बाईंनी फोनवर सांगितलं. खात्री करायला मी दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, सही झाली, शिक्का झाला, आता काय वाजंत्री लावू?" म्हणजे बातमी पक्की. एक वर्ष आणि दोन दिवस लागले. मालक तुम्हाला पुन्हा गाडी देणार, हे आईकडून कळलं. गाड्या धुण्याच्या रॅम्पवरून परत स्टिअरिंगवर.

हे पत्र नेहमीसारखं आईच्या पिशवीतून येईल, डब्याच्या खाली. ती मंगळवारी आणि शुक्रवारी माझ्याकडे येते, हे तुम्हाला माहीत नाही असं तुम्ही दाखवता. तुम्हाला माहीत आहे, हे आपल्याला माहीत नाही असं ती दाखवते. घरात पोलीस मी एकटी, पण गुप्तहेर खातं तुमच्या दोघांकडे.

आई म्हणते, "तुझी पत्रं ते वाचत नाहीत. टीव्हीखाली ठेवून देतात." मागच्या महिन्यातलं एक पत्र तिने पुरावा म्हणून मला आणून दाखवलं. मी त्याची घडी चार पदरी घातली होती. परत आलं ते तीन पदरी घडीत, ड्रायव्हर फेरीच्या लॉगशीटची घालतात तशी, डावी बाजू आत. अण्णा, माझी निम्मी नोकरी नाकाबंदीत गेली. मला पुरावे दाखवू नका.

आता कामाचं. पुढच्या शनिवारपासून तीन दिवस जोडून सुट्टी आहे. काल मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या नव्या ठाणेदारबाईंनी, बंदोबस्ताची बैठक घेतली. रात्रीची नाकाबंदी दरवर्षीसारखी राहीलच, पण यंदा सकाळची जास्त, सहा ते दहा. त्यांनी गेल्या वर्षीच्या सुट्टीचे आकडे वाचून दाखवले. तीन रात्रींत मिळून चौदा जण दारू पिऊन गाडी चालवताना सापडले, आणि पहिल्या सकाळच्या एका तासात सहा. "रात्रीचे लोक आपल्याला टाळतात," त्या म्हणाल्या, "सकाळचे टाळत नाहीत. कारण आपण प्यायलेलो आहोत हे त्यांना ठाऊकच नसतं. ते बिचारे झोपून उठलेले असतात."

त्या सहांतला पहिला कोण, हे त्यांनी वाचलं नाही. माझ्याकडे बघायचं नाही म्हणून सगळे एकदम पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता.

ती सकाळ मी वर्षभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकते आहे, म्हणून एकदा माझ्या हाताने लिहून ठेवते. आदल्या संध्याकाळी माझ्या हवालदारकीच्या बढतीचं जेवण होतं. सकाळी सहाला मी तुमच्या गॅरेजसमोर मशीन घेऊन उभी, आठ गाड्या सुटायच्या होत्या. ड्रायव्हर लोक मागे मागे सरत होते. तुम्ही इस्त्रीच्या शर्टात पुढे आलात आणि म्हणालात, "अरे, घाबरता काय? माझ्या लेकीचं मशीन आहे. बघा कसं फुंकायचं ते." आणि फुंकलंत, छाती भरून. लाल दिवा लागला. आधी सगळे हसले. त्यांना वाटलं, मशीन बिघडलं. मलाही तसंच वाटावं अशी फार इच्छा होती.

नियमाप्रमाणे पंधरा मिनिटांनी दुसऱ्यांदा फुंकायचं असतं. ती पंधरा मिनिटं तुम्ही काय केलंत, हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. तुम्ही गाडीभोवती रोजची फेरी मारलीत, प्रत्येक टायरवर बोटांची पेरं वाजवलीत, आणि तुमच्या जागी कोण बसणार हे कुणी ठरवायच्या आत तुमच्या जुन्या सोबती ड्रायव्हरला, मिशीकाकांना, म्हणालात, "मागचं दार जरा वर उचलून लाव, नाहीतर वळणावर उघडतं." दुसऱ्यांदाही लाल. चाळीस माणसं दीड तास उशिरा फिरायला गेली, पण गेली आणि परत आली.

पत्र लांबलं. टीव्हीखाली जागा होईल ना?

तुमची
चोंबडी

ता.क. लहानपणी मी सगळ्यांच्या चुगल्या करायचे म्हणून हे नाव तुम्हीच ठेवलंत. खात्याने नंतर त्याचाच पगार सुरू केला, त्याला मी काय करू?


शुक्रवार, ९ तारीख

अण्णा,

आई आज आली ती पिशवी खाली ठेवायच्या आत बोलायला लागली. तुम्ही मंगळवारी जेवणानंतर चष्मा शोधत होता म्हणे. टीव्ही बंद होता आणि वर्तमानपत्र सकाळीच वाचून झालं होतं. ती म्हणाली, "मी विचारलं, कशाला हवाय? तर म्हणतात, पुसायला."

एक काम आहे, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. मोठ्या बाईंचं म्हणणं, नुसती नाकाबंदी लावून उपयोग नाही, सुट्टीआधी ड्रायव्हर लोकांना समजावलं पाहिजे. सोमवारी दुपारी तुमच्याच गॅरेजात सभा ठेवली आहे. मालकांनी हो म्हटलं. भाषण मला करायचं आहे. मी काय बोलणार ते मला पाठ आहे, आणि ते काय ऐकणार तेही. अण्णा, तुम्ही दोन शब्द बोलाल? फक्त एवढंच, की झोप झाली म्हणजे उतरली असं नसतं. तुम्ही त्या रात्री गाडीला हात लावला नव्हता. रिक्षाने घरी गेलात, चार तास झोपलात, अंघोळ केलीत. सगळं शहाण्या माणसासारखं केलंत आणि तरी लाल लागला. हे तुमच्या तोंडून ऐकलं तर त्यांच्या डोक्यात शिरेल. माझ्या तोंडून ऐकलं तर ते म्हणतील, पोलिसांचं काय, त्यांना केसेस हव्या असतात.

मागायला आलेय, तर आधी एक कबुली देते. वर्षभर मी आईला सांगत आले, "माझा नाइलाज होता, मशीनमध्ये नोंद होते, ती पुसता येत नाही." ते खरं नाही. तुम्ही फुंकलंत तेव्हा सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. तपासणी सव्वासहाला सुरू व्हायची होती. मशीन तापायला त्याआधी दोन-तीन सरावाच्या फुंका चालतात. माझ्या शेजारी जमादार उभे होते. ते कानाशी येऊन म्हणाले, "सराव म्हणून लिही. काकांना घरी पाठव, दुसरा ड्रायव्हर बोलावू. गाडीही वाचली आणि काकाही." म्हणजे पर्याय होता.

मी लिहिलं नाही. कारण उरलेले सात ड्रायव्हर बघत होते, आणि त्यांच्यातल्या एकालाही मी सराव म्हणून सोडलं नसतं. तुमचा परवाना गेला, सत्तावन्नाव्या वर्षी तुम्ही दुसऱ्यांच्या गाड्यांवर पाइप मारलात, हे सगळं त्या एका निर्णयाने झालं. तो निर्णय माझा होता, मशीनचा नव्हता. आज पुन्हा वेळ आली तरी मी तेच लिहीन. पण आईशी खोटं बोलायला नको होतं. तुमच्याशी तर नकोच होतं, जरी तुम्ही विचारलं नाहीत.

सोमवारी तीन वाजता. नाही आलात तरी मी समजून घेईन, पण दाराकडे बघत राहीन.

चोंबडी


मंगळवार, १३ तारीख

अण्णा,

सभा झाली. तुम्ही रॅम्पवर होतात, पाण्याचा आवाज येत होता. शेवटच्या दहा मिनिटांत तो बंद झाला, तेवढ्यावर मी समाधान मानलं.

बाकी सभा म्हणजे माझं वस्त्रहरण. मी तक्ते नेले होते. पहिल्या रांगेतल्या लाल बनियनवाल्याने विचारलं, "ताई, काळी कॉफी घेतली तर?" मी म्हटलं, काही फरक पडत नाही. "लिंबू चोखलं तर?" नाही पडत. "आणि बायकोने सकाळी शिव्या दिल्या तर? माझी तर झटक्यात उतरते." सगळे फिदीफिदी. मिशीकाका मागून म्हणाले, "गप रे, पोरीला बोलू दे," पण त्यांच्याही मिशा हलत होत्या. मी म्हटलं, शरीर आपल्या वेगाने दारू बाहेर टाकतं, झोपेने तो वेग वाढत नाही. तर एकजण म्हणाला, "मग झोपायचं कशाला? जागंच राहू आणि पिऊ." चहा आला आणि सभा संपली. तक्ते मी तिथेच विसरले. आज मालकांचा फोन आला, त्यांच्यावर डबे ठेवून लोक जेवतायत.

हसून झालं असेल तर पुढचं वाचा. हे लिहायला मला वर्ष लागलं.

त्या दिवशी मी तुमचा फॉर्म भरत होते. त्यात एक रकाना आहे: शेवटचं मद्यपान किती वाजता. मी विचारलं, तुम्ही म्हणालात, "साडेनऊ." मी लिहिलं, साडेनऊ. नंतर गॅरेजात सगळे म्हणायला लागले, "साडेनऊला सोडली तर सकाळी एवढी कशी येईल? म्हातारा स्वतःला वाचवायला खोटं बोलला." तुम्ही ते ऐकून घेतलंत. मीही ऐकून घेतलं.

साडेनऊला तुम्ही ग्लास पालथा घातला होता, हे खरं. म्हणाला होतात, "बास, सकाळी गाडी आहे." मग सव्वाबाराला पाहुणे गेले आणि आपण दोघंच गॅलरीत बसलो. मी आत जाऊन तुमचा ग्लास सुलटा केला, भरला आणि तुमच्या हातात दिला. म्हटलं, "अण्णा, हा एक माझ्या बाहीवरच्या नव्या फितीसाठी." तुम्ही म्हणालात, "अगं, नको." मी म्हटलं, "हवालदाराचा हुकूम आहे." तुम्ही हसलात आणि प्यायलात. ओतताना माझा हात काही हलका नव्हता. मी स्वतः थेंब घेतला नाही, माझी सकाळी ड्यूटी होती ना! स्वतःची ड्यूटी लक्षात होती, तुमची गाडी नव्हती.

सकाळी तुम्ही "साडेनऊ" म्हणालात तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंतही नाही. मला सव्वाबारा माहीत होतं आणि मी साडेनऊ लिहिलं. सगळे म्हणतात, पोरीने बापाचीही गय केली नाही. त्याच कागदावर मी स्वतःची गय केली, हे फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. तुम्ही वर्षभर माझ्याशी अबोला धरलात तो यासाठीच असं मला वाटतं, आणि तुमचं चुकलं नाही.

उद्या सकाळी मी मोठ्या बाईंना हे सांगणार आहे, लेखी. फीत जाईल, कदाचित. ज्या हाताने शनिवारी लोकांपुढे नळी धरायची, त्या हाताने लिहिलेला एक खोटा रकाना मागे ठेवून मला उभं राहायचं नाही.

जाता जाता: आई म्हणते, तिची निळी बादली शनिवारपासून सापडत नाही. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "बादलीला काय पाय फुटले?" आणि त्याच दिवशी हत्यारांच्या डब्यातून बारीक खिळा शोधत होता. काय चाललंय?

चोंबडी


शुक्रवार, १६ तारीख

अण्णा,

बुधवारी सकाळी दहाला मी जबाब मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "ग्लास भरणं गुन्हा नाही, मूर्खपणा आहे. खोटी वेळ लिहिणं मात्र गुन्ह्याच्या जवळचं आहे." मी विचारलं, "फीत जाईल का, बाई?" त्या म्हणाल्या, "जाऊ शकते. मंगळवारी अकराला चौकशी ठेवते. वडिलांनाही बोलावणं जाईल." मी मशीनची किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती माझ्याकडे परत सरकवली. "तीन दिवसांची सुट्टी तोंडावर आहे आणि माझ्याकडे मशीन चालवणारी माणसं दोन. शिक्षा व्हायची तेव्हा होईल. शनिवारी सहाला हजर राहा."

काल दुपारी मिशीकाका चौकीवर आले. बूट ओले, मिशा ताठ. म्हणाले, "तुझा बाप वेडा झालाय का शहाणा, ते मला सांग."

त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं उतरवून ठेवते, कारण तुम्ही ते मला कधीच सांगणार नाही. बुधवारी संध्याकाळी गाड्या लागल्यावर तुम्ही सगळ्यांना रॅम्पवर बोलावलंत. हुकावर आईची निळी बादली टांगलेली, बुडाला खिळ्याचं भोक. तुम्ही ग्लास घेतलात आणि सगळ्यांसमोर एकेक ग्लास पाणी आत ओतलंत. "हा जेवणाआधीचा. हा जेवताना. हा व्याह्यांनी आग्रह केला म्हणून." मग थांबलात. "आणि हा सव्वाबाराचा. साडेनऊ मी खोटं सांगितलं होतं." कुणीतरी विचारलं, सव्वाबाराला कोणी पाजली? तुम्ही म्हणालात, "ज्याने पाजली त्याचं नाव बादली विचारत नाही."

खालून थेंब थेंब सुरू झाले. तुम्ही म्हणालात, "आता घरी जा. जेवा, झोपा, घोरा. सकाळी सहाला या आणि बघा." लाल बनियनवाला म्हणाला, "काका, रात्रीतून दहा बादल्या रिकाम्या होतील." तुम्ही पाच दिवस भोक कमीजास्त करत बसला होतात, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

"सकाळी आम्ही सगळे आलो," मिशीकाका म्हणाले. "कुणाला गाडी नव्हती तेसुद्धा आले. तळाला चांगलं दोन बोटं पाणी! तुझा बाप म्हणतो, मीही त्या दिवशी असाच आलो होतो. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, आत दोन बोटं घेऊन. तुम्ही झोपलात म्हणून बादलीचं भोक मोठं होत नाही. लाल बनियनवाल्याने बोट बुडवून बघितलं. मग काही बोलला नाही. तो बोलला नाही म्हणजे बघ!"

आता म्हणे गॅरेजात कुणी कुणाला नमस्कार करत नाही. सकाळी भेटले की विचारतात, "बादली रिकामी का?"

मोठ्या बाईंना मी हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "तशा बादल्या आणखी मिळतील का?" मी म्हटलं, आईला विचारावं लागेल. तिने आज साफ नकार दिला. म्हणाली, "एक भोसकली तेवढी पुरे."

आणि आज आईनेच दुसरा बॉम्ब टाकला. मी म्हटलं, अण्णांचा माझ्यावरचा राग थोडा कमी झाला असेल का? तर माझ्याकडे बघतच राहिली. "राग? तुझ्यावर? अगं, ते म्हणायचे, मी बोलायला लागलो की ती सव्वाबाराचं काढणार. काढलं की लिहून देणार. लिहून दिलं की फीत जाणार. त्यापेक्षा मी गप्प बसतो. चोंबडी आहे ती, तिच्या पोटात काही राहत नाही." मी विचारलं, "मग तू मला वर्षभर सांगितलं का नाहीस?" म्हणाली, "मला शपथ घातली होती. काल सोडवली."

अण्णा, धन्य आहे तुमची! सगळे तुम्हाला खोटारडा म्हणत होते आणि तुम्ही गाड्या धूत माझी फीत सांभाळत होता. आणि मी इकडे दर आठवड्याला माफीची पत्रं लिहीत होते. आपल्या घरात आईच्या हाती कारभार आहे म्हणून निभावतंय.

मग तिने पिशवीतून डब्याखालून तुमचा कागद काढला. तीन पदरी, डावी बाजू आत. वर्षभरात तुमच्याकडून आलेला पहिला कागद, आणि तोही लॉगशीट! मी तो इथे पुन्हा उतरवते, कारण मूळ कागद मंगळवारी चौकशीत द्यावा लागेल आणि एक नक्कल तुमच्या टीव्हीखाली असलेली बरी.

"शनिवार. गाडी सुटण्याची वेळ: ६.३०. प्रवासी: ४१. चालक: स्वतः. मागचे दार: दुरुस्त. टायर: पाहिले. शेवटचा ग्लास: गेल्या वर्षी, रात्री १२.१५, लेकीच्या हातचा. खाली सही."

आई म्हणाली, "रडतेस काय? नीट वाच, टायर पाहिलेत म्हणतायत."

मंगळवारी अकराला आपल्या दोघांना एकाच बाकावर बसवतील. काय होईल ते होईल. येताना आईला आणू नका, ती मोठ्या बाईंना बादलीचे पैसे मागेल.

त्याआधी उद्याचं. नाकाबंदी सहाला लागेल, पुलाच्या अलीकडे, पेट्रोल पंपासमोर. मोठ्या बाईंच्या अंदाजाने तीनशेच्या वर गाड्या येतील. मालकांच्या यादीप्रमाणे सगळ्यात पहिली तुमची, सहा पस्तीसला. मी हात करीन, डाव्या बाजूला घ्या. मागच्या गाड्यांतले सगळे माना बाहेर काढून बघत असतील, बघू दे. "माझ्या लेकीचं मशीन आहे," असं म्हणायचं असेल तर म्हणा. नळी नवी असेल, पाकीट तुमच्यासमोर फोडीन. छाती भरून फुंकू नका, दमाने, एका श्वासात. हिरवा लागला तरी चिठ्ठी निघते, आणि तिच्यावर दोन सह्या लागतात. डावीकडे चालकाची, उजवीकडे माझी. पेन मी आणते.

चोंबडी